टाळ्या कर्नलला का पडतात?

कोर्टात हरलेला माणूस प्रेक्षकांमध्ये जिंकून जातो, असं फार थोड्या चित्रपटांच्या बाबतीत घडतं. 'अ फ्यू गुड मेन' हा त्यांतला एक. रॉब रायनरनं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९२ सालचा. तीस वर्षं उलटून गेली, तरी त्याचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून शेवटच्या उलटतपासणीवर येतं. साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेल्या कर्नल नेथन जेसपवर, म्हणजे जॅक निकल्सनवर येतं. आणि मग कुणीतरी म्हणतंच, "काही म्हणा, पण तो चुकीचं काय बोलला?"

असं म्हणणारी माणसं क्रूर नसतात. त्यांतली बरीचशी तर पायाखालची मुंगी चुकवून चालणारी, भांडणात पडतं घेणारी असतात. सीमेवर कुणीतरी जागं आहे म्हणून आपण झोपतो, ही जाणीव त्यांना मनापासून असते आणि ती चांगलीच गोष्ट आहे. त्यांच्याशी भांडावं असं मला वाटत नाही. पण हा चित्रपट मला फार जवळचा आहे. त्याच्याबद्दलचं बोलणं जिथे जाऊन थांबतं, तिथून पुढेच त्याचा खरा खटला सुरू होतो, असं मला वाटत आलंय. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. क्युबातल्या ग्वांटानामो बे इथे अमेरिकी नौदलाचा तळ आहे. कुंपणापलीकडे शत्रू मानलेला देश. या तळावर विल्यम सँटियागो नावाचा एक मरीन जवान आहे. धावताना तो मागे पडतो, उन्हात कोसळतो, बाकीच्यांच्या बरोबरीनं त्याला काही जमत नाही. तो बदली मागतो. आपल्या वरिष्ठांना ओलांडून बाहेर पत्रं पाठवतो, आणि बदली मिळावी म्हणून कुंपणापाशी झालेल्या एका बेकायदा गोळीबाराची माहितीही देऊ करतो. तळावरच्या मरीन जवानांचा प्रमुख कर्नल जेसप ती बदली होऊ देत नाही. एका रात्री त्याच्याच तुकडीतले दोघे, लान्स कॉर्पोरल डॉसन आणि प्रायव्हेट डाउनी, त्याच्या खोलीत शिरतात, त्याला बांधतात, तोंडात बोळा कोंबतात. तासाभरात सँटियागो मेलेला असतो. मागे पडणाऱ्याला त्याच्याच सोबत्यांकडून 'सरळ' करवून घ्यायची ही पद्धत, नियमांच्या कुठल्याही पुस्तकात न लिहिलेली, तळावर 'कोड रेड' या नावानं चालते. दोघांवर खुनाचा खटला भरला जातो. बचावाचं काम लेफ्टनंट डॅनियल कॅफी, म्हणजे टॉम क्रूझ, याच्याकडे येतं. कोर्टाची पायरी न चढता तडजोडीनं प्रकरणं मिटवण्यात त्याचा हातखंडा. प्रश्न एवढाच उरतो: हे त्या दोघांनी स्वतःहून केलं, की त्यांना हुकूम होता? आणि होता, तर तो कुठून निघाला?

आरन सॉर्किननं हे आधी नाटक म्हणून लिहिलं. १९८९ साली ते ब्रॉडवेवर आलं. त्याची बहीण नौदलात वकील होती आणि ग्वांटानामोतल्या अशाच एका प्रकरणाचं काम तिच्याकडे आलं होतं, तिथून हे बीज पडलं. त्या खऱ्या प्रकरणातला जवान वाचला होता. नाटकात तो मरतो. लेखकानं घेतलेलं हे स्वातंत्र्य मला पूर्ण पटतं. तो वाचला असता तर प्रेक्षकांनी ही गोष्ट "जरा जास्तच झालं" म्हणून सोडून दिली असती.

आता त्या भाषणाकडे येऊ. कर्नलच्या म्हणण्याचा गाभा असा: या जगाला भिंती आहेत, त्या भिंतींवर बंदुका घेऊन माणसं उभी आहेत, तुम्ही त्यांच्या जिवावर निर्धास्त झोपता, आणि सकाळी उठून पहारा कसा दिला याचा हिशेब मागता. निकल्सन हे ज्या ताकदीनं बोलतो त्याला तोड नाही. चित्रपटात तो मोजक्याच प्रसंगांत आहे, तरी पोस्टर त्याच्याशिवाय कल्पनेतही येत नाही. ऑस्करसाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन मिळालं, ते या काही मिनिटांच्या बळावर.

भाषण पकड घेतं, कारण त्याचा निम्मा भाग खरा आहे. भिंती आहेत. पहारा लागतो. पहारा देणाऱ्याची झोप, घर, तरुणपण त्या भिंतीत जातं. सुरक्षित खोलीत बसून त्याच्यावर बोट उगारणं सोपं आहे, हेही खरं. हा निम्मा भाग ऐकताना आपल्याला थोडी शरम वाटते, आणि शरमलेला माणूस पुढचं वाक्य न तपासता मान्य करतो. पुढचं वाक्य असं आहे, की सँटियागोचा मृत्यू वाईट खरा, पण त्यानं बहुधा जीवच वाचवले.

कुणाचे? अख्ख्या चित्रपटात सँटियागोच्या मरणानं वाचलेला एकही जीव दिसत नाही. कुंपणापलीकडून हल्ला होत नाही. सँटियागोच्या चुकीमुळे कुठली तुकडी अडचणीत आलेली नाही. तो धावताना मागे पडत होता एवढंच. आणि त्याला तिथून हलवा, असं तो स्वतःच विनवत होता. भिंत कमकुवत होत असेल तर ती मजबूत करायचा उपाय टेबलावर पडलेला होता, एका सहीचा. कर्नलनं सही केली नाही, कारण बदली म्हणजे आपल्या तळावर माणूस घडवता आला नाही याची कबुली. त्यानं भिंत राखली नाही, स्वतःचा तोरा राखला.

आणि ज्या माणसाच्या वतीनं कर्नल बोलतोय, भिंतीवर उभा असलेला तो माणूस, तो सँटियागोच होता. मला कायम नवल वाटतं ते याचं. भाषण ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर कर्नल पहाऱ्यावर येतो. पण कर्नल पहाऱ्यावर नव्हता. तो जेवणाच्या टेबलावर होता, कचेरीत होता, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेवर जाण्याच्या बेतात होता. पहाऱ्यावर पोरं होती. मेलेला पोरगा आणि मारणारे दोघे पोरगे, तिघेही त्याच भिंतीवरचे.

आमच्या नात्यातले एक काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बोलतात कमी. त्यांच्याबरोबर हा चित्रपट पाहताना मला वाटलं होतं, भाषणाला ते दाद देतील. ते शेवटपर्यंत गप्प होते. नंतर मी विचारलं, "काका, कर्नल कसा वाटला?" तर म्हणाले, "त्याचं सोड गं. त्या पोराचा अर्ज कुणी अडवला ते सांग." मग बराच वेळ ते अर्जांबद्दल बोलले. रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, आजारी आईसाठी केलेले अर्ज. कुठल्या साहेबाच्या टेबलावर अर्ज पडून राहायचे आणि कुठला साहेब रात्री उशिरा बसून ते निकालात काढायचा. त्यांच्या लेखी चांगल्या अधिकाऱ्याची परीक्षा तिथे होती. भाषणाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

तेव्हापासून मी हा चित्रपट त्या अर्जाच्या अंगानं पाहते, आणि मग शेवटच्या उलटतपासणीतलं खरं सौंदर्य दिसतं. कॅफी कर्नलला चिडवून, कोड रेडचा हुकूम त्यानंच दिल्याची कबुली काढतो, असं सगळे म्हणतात. चिडवणं हा शेवटचा धक्का आहे. त्याआधी त्यानं एक साधी गाठ मारलेली असते. कर्नल सांगतो की सँटियागोच्या जिवाला धोका होता म्हणून त्याची बदली ठरली होती. कर्नल असंही सांगतो की सँटियागोला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम दिला होता. आणि त्याच दमात, आपले हुकूम पाळले जातातच, नाही पाळले तर माणसं मरतात, अशी प्रौढी मिरवतो. मग कॅफी विचारतो, हुकूम पाळले जातातच, तर मग धोका कुठला? बदली कशाला? कर्नलच्या अहंकाराची दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी केली आणि तो त्यांच्यामध्ये सापडला. पुढचं सगळं भाषण म्हणजे उत्तर नसलेल्या माणसानं चढवलेला आवाज आहे.

पण हल्ली हा प्रसंग बहुतेकांपर्यंत व्हिडिओच्या तुकड्यानं पोहोचतो. तुकडा सुरू होतो भाषणापासून. आधीची गाठ कापलेली असते. सँटियागोचं पत्र, बदली ठरलीच नव्हती हे उघड करणारं त्याचं न भरलेलं सामान, घरी न केलेले फोन, यातलं काही नसतं. उरतो एक वर्दीतला माणूस आणि समोर एक गुळगुळीत चेहऱ्याचा वकील. या दोघांत निवड करायला सांगितली तर कुणीही वर्दी निवडेल, मीही. चित्रपटानं मात्र अशी निवड कधीच मागितली नव्हती.

'शौर्य'चंही हेच झालं. समर खानचा २००८ सालचा हिंदी चित्रपट. काश्मीरमध्ये नेमणुकीवर असलेला कॅप्टन जावेद खान आपल्याच वरिष्ठ मेजरला गोळी घालतो आणि खटल्यात तोंड उघडत नाही. राहुल बोस त्याचा बचाव करतो. के के मेनननं ब्रिगेडियर रुद्र प्रताप सिंग असा उभा केलाय की अंगावर काटा येतो. साक्षीच्या वेळी त्याच्या तोंडून एका अख्ख्या समाजाबद्दलचा द्वेष बाहेर पडतो, आणि त्या द्वेषाच्या तळाशी त्याच्या स्वतःच्या कुटुंबावर कोसळलेला भयानक प्रसंग आहे हेही कळतं. हा तुकडाही सुटा फिरतो. त्याखाली माणसं सलाम ठोकतात, हाच खरा देशभक्त म्हणतात. मला त्या ब्रिगेडियरच्या दुःखाबद्दल अपार वाटतं. मेनननं ते खरं करून दाखवलंय. पण त्या दुःखाची किंमत ज्यांनी मोजली, ते काश्मिरी गावातले लोक त्या तुकड्यात नाहीत. जावेदनं गोळी का झाडली, हे त्यात नाही. शिक्षेची पर्वा न करता एका माणसानं आपल्याच अधिकाऱ्याला का रोखलं, हा त्या चित्रपटाचा प्रश्न होता. स्वदेश दीपक यांच्या 'कोर्ट मार्शल' या हिंदी नाटकाशी 'शौर्य'चं नातं सांगितलं जातं. त्या नाटकात रामचंदर या जवानानं गोळी झाडलेली असते, आणि सुनावणी जसजशी पुढे सरकते तसतसे त्याच्या जातीवरून त्याला रोज गिळायला लागलेले अपमान वर येत जातात. तिथेही विचारायचं तेच असतं: गोळीच्या आधी काय घडलं?

आता दुसरं मत. ते मला जास्त छळतं. निकाल लागतो तेव्हा डॉसन आणि डाउनी खुनाच्या आरोपातून सुटतात, कटाच्या आरोपातूनही सुटतात, पण मरीनला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी ठरतात आणि सैन्यातून बदनामीसह काढले जातात. यावर पुष्कळ प्रेक्षक हळहळतात. हुकूम होता हे सिद्ध झालं, तरी शिक्षा? कायद्याचे जाणकार वेगळीच तक्रार करतात. अमेरिकी लष्करी कायद्यातलं १३३ वं कलम अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाचं आहे, लान्स कॉर्पोरलला ते लागूच होत नाही. तक्रार बरोबर आहे. पटकथेला जे म्हणायचं होतं त्यासाठी तिनं कलम वाकवलं. पण म्हणायचं होतं ते मोलाचं होतं, म्हणून मी ते पदरात घेते.

हळहळणाऱ्यांच्या नजरेतून एक छोटा प्रसंग बहुधा निसटतो. सुनावणीत बेल नावाच्या एका जवानाचा उल्लेख येतो. त्याच्यावर काही आळ होता, म्हणून तुकडीचा अधिकारी लेफ्टनंट केंड्रिकनं त्याला बराकीत डांबून त्याचं खाणं बंद केलेलं. डॉसननं चोरून त्याला जेवण पोचवलं. म्हणजे डॉसन आंधळेपणानं हुकूम पाळणारा मुळात नव्हताच. एकदा त्यानं हुकूम मोडला होता, दुबळ्याच्या बाजूनं मोडला होता. त्याची फेड काय झाली? त्याच्या वार्षिक शेऱ्यात कमी दर्जा लिहिला गेला, बढती थांबली. पुढच्या वेळी, सँटियागोच्या वेळी, तोच केंड्रिक समोर उभा राहून हुकूम देतो तेव्हा डॉसनला धडा पाठ झालेला असतो.

हे कळल्यावर डॉसनकडे पाहणं मला जड जातं. त्याच्यात नाही म्हणायची ताकद होती. ती काढून घेतली गेली, पद्धतशीर, कागदावर शेरे मारून. आणि तरीही शेवटी निकालाचा अर्थ त्यालाच कळतो. डाउनी भांबावून विचारत राहतो, आपण काय चुकलो? डॉसन त्याला सांगतो की जे स्वतःसाठी लढू शकत नाहीत त्यांच्यासाठी लढणं हे आपलं काम होतं. सँटियागोसाठी आपण लढायला हवं होतं. वकिलानं मिळवून आणलेली तडजोड यानंच झिडकारली होती. सहा महिन्यांत घरी जाता आलं असतं. वुल्फगँग बोडिसननं हा डॉसन केलाय. निकल्सनच्या गर्जनेनंतर हे वाक्य इतक्या खालच्या आवाजात येतं की पुष्कळांना आठवतच नाही. माझ्यासाठी चित्रपटाचा शेवट तिथे आहे.

हुकूम होता म्हणून सुटका नाही, ही गोष्ट काही पटकथेनं शोधलेली नाही. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं जी तत्त्वं शब्दांत मांडली, त्यांतलं चौथं हेच सांगतं: वरिष्ठाच्या हुकमानं केलं म्हणून जबाबदारी टळत नाही, जर नैतिक निवडीला खरोखर जागा होती. या शेवटच्या अर्ध्या वाक्यात डॉसन अडकलेला आहे. त्याला जागा होती का? बेलच्या वेळी त्यानं ती काढली होती, आणि तिची किंमत त्याच्याकडून वसूल झाली होती.

प्रेक्षकांच्या मताचा विचार करताना मला दर वेळी एक खरा खटला आठवतो. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी म्हातारी माणसं, बायका, मुलं मारली. व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे ५०४. लेफ्टनंट विल्यम कॅलीवर कोर्ट मार्शल झालं. वरून हुकूम होता, असा त्याचा बचाव. सहा अधिकाऱ्यांच्या मंडळानं जवळपास दोन आठवडे खल करून मार्च १९७१ मध्ये त्याला निदान बावीस जणांच्या खुनासाठी दोषी ठरवलं, जन्मठेप दिली. आणि देश उसळला, कॅलीच्या बाजूनं. जनमत चाचणीत शंभरातल्या जवळपास ऐंशी जणांना निकाल अमान्य होता. त्याच्यावरचं गाणं दहा लाखांहून जास्त खपलं. अध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून हलवून घरी नजरकैदेत ठेवायला सांगितलं. पुढे शिक्षा घटत गेली आणि १९७४ मध्ये तो सुटला.

त्या सहा अधिकाऱ्यांतले बहुतेक जण स्वतः व्हिएतनाममध्ये लढून आलेले होते. भिंतीवर उभं राहून आलेल्यांनी त्याला दोषी ठरवलं. निषेधाच्या तारा पाठवल्या त्या मागे, घरी राहिलेल्यांनी. सुभेदार काकांचं ते गप्प बसणं मला इथे पुन्हा समजतं.

पण त्या ऐंशी जणांना एका फटक्यात मोडीत काढणं अन्याय होईल. त्यांतल्या पुष्कळांचं म्हणणं निराळं होतं: एकट्या लेफ्टनंटलाच का? त्याच्या वरचे कुठे आहेत? आणि या प्रश्नात बळ होतं. त्याचा वरिष्ठ कॅप्टन मेडिना त्याच वर्षी निर्दोष सुटला. माय लायसाठी कोर्टातून दोषी ठरलेला माणूस अखेर कॅली एकटाच. म्हणजे चित्रपटात घडतं त्याच्या नेमकं उलट घडलं. तिथे खालच्यांच्या पाठीमागे जाऊन वरच्याला भर कोर्टात पकडलं जातं. 'अ फ्यू गुड मेन' इतका समाधान देतो, याचं एक कारण हे असावं. जे प्रत्यक्षात हाती लागत नाही ते तो दोन तासांत देतो. म्हणूनच कर्नल असा सापडणं अशक्य आहे, कसलेला अधिकारी साक्षीत असा फुटत नाही, हा आक्षेप मला मान्यच आहे. फुटत नाहीत. ते "आठवत नाही" म्हणतात.

माय लायच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. ह्यू थॉम्पसन, हेलिकॉप्टरचा वैमानिक. खाली काय चाललंय हे पाहून तो आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवतो, आणि आपलेच सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर गोळी चालवा, असं आपल्या साथीदारांना सांगतो. त्यानं काही माणसं वाचवली. बदल्यात वर्षानुवर्षं शिव्या आणि धमक्या खाल्ल्या. या कामासाठी 'सोल्जर्स मेडल' मिळालं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. त्याच्यावर चित्रपट काढला तर त्यात टाळ्यांचं भाषण कुठे घालणार? त्यानं भाषण केलंच नव्हतं.

बाकी मतं मी भरभर घेते, कारण त्यांत मला फारसं झोंबणारं काही नाही. टॉम क्रूझ जरा जास्तच चकचकीत आहे, हे खरं. पण केव्हिन बेकननं केलेला फिर्यादी पक्षाचा वकील इतका सरळ आणि सभ्य आहे की तोल सांभाळला जातो. डेमी मूरनं केलेल्या नौदलातल्या वकील जोआन गॅलोवेबद्दल मात्र मला वाईट वाटतं. प्रकरणात काहीतरी दडलंय हे सगळ्यांत आधी तिला कळतं. डॉसन आणि डाउनीला चांगला वकील मिळावा म्हणून तीच भांडते. हुद्द्यानं ती कॅफीच्या वरची. आणि तरी कोर्टात तिला एक चुकीचा हट्टी आक्षेप घ्यायला लावून हसं केलंय. मत मांडणाऱ्या पुरुषांच्या बोलण्यात तिचं नाव क्वचितच येतं. ग्वांटानामोचं म्हणाल तर, १९९२ च्या प्रेक्षकाला ते एका दूरच्या तळाचं नाव होतं. २००२ मध्ये तिथे कैदी आणायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर पाहणाऱ्याला कर्नलचं तेच भाषण ऐकताना कुंपणाच्या आतल्या कोठड्याही दिसू लागतात. संवाद तेच, कान बदलले.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच मत देत नाही असा एक माणूस उरतो: लेफ्टनंट कर्नल मॅथ्यू मार्किन्सन. जे. टी. वॉल्शनं तो केलाय. कर्नलच्या खोलीत सँटियागोचं पत्र आल्यावर, त्याची ताबडतोब बदली करा, असं तोच म्हणतो. मोजक्या शब्दांत, योग्य तेच. जेसप त्याची थट्टा करतो, आणि मग दोघेच उरल्यावर त्याला त्याची पायरी दाखवतो: आपण अकादमीत एकत्र होतो, पण मी तुझ्या पुढे गेलो, हे तुला पचत नाही का? मार्किन्सन गप्प होतो. त्यानंतर सँटियागो मरतो. मार्किन्सन कॅफीला बदलीच्या हुकमामागचं खोटं सांगतो, पण साक्षीला उभा राहत नाही. पूर्ण गणवेष चढवून तो स्वतःला संपवतो, आणि सँटियागोच्या आईवडिलांना लिहून ठेवतो की तुमचा मुलगा मेला, कारण त्याला वाचवण्याइतका मी खंबीर नव्हतो.

हुद्द्याचं वजन माणसाची जीभ कशी दाबतं, हे लष्करी कायद्याला पक्कं ठाऊक आहे. अमेरिकी कोर्ट मार्शलमध्ये सदस्य गुप्तपणे लिहून मत देतात आणि मतं मोजण्याचं काम सर्वांत कनिष्ठ सदस्याकडे असतं. भारतीय लष्करात मत विचारण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून होते, म्हणजे वरिष्ठ काय म्हणाले हे ऐकून त्यानं आपलं मत फिरवू नये. किती शहाणी तरतूद आहे ही. पण ती कोर्टात आहे, माणूस मेल्यानंतरच्या खोलीत. ज्या खोलीत सँटियागोचं पत्र वाचलं गेलं तिथे कर्नल आधी बोलला, केंड्रिकनं मान डोलावली, आणि मार्किन्सनचं म्हणणं तिथल्या तिथे संपलं.

कर्नल बरोबर होता का, या वादात मला आता बाजू घ्यावीशी वाटत नाही. कुणी तो विषय काढला की मी मार्किन्सनचं नाव घेते. बहुतेकांना तो आठवत नाही. चेहऱ्याचं वर्णन करावं लागतं, कुठला प्रसंग ते सांगावं लागतं. मग आठवतो. "हां, तो," म्हणतात, "तो बिचारा चांगला होता." त्यावर मी विचारते, चांगला होता, तर त्यानं त्या दिवशी खोलीतून बाहेर पडून सँटियागोला पहिल्या विमानात का बसवलं नाही? तळावर त्याच्याहून मोठा हुद्दा फक्त एका माणसाचा होता.